सोमवारी गाडी उठायची नाही

मिल बंद पडली तरी अण्णा भोंग्याच्या वेळेलाच उठायचे. भोंगा वाजत नव्हता, पण त्यांच्या अंगात तो वाजत असावा. आधी कडी निघाल्याचा आवाज, मग चूळ भरल्याचा, मग स्टोव्हला पंप मारल्याचा. इंदूरच्या मिल एरियातल्या दोन खोल्या आणि पुढची पडवी एवढंच आमचं घर, त्यात आम्ही पाच माणसं: अण्णा, आई, मी आणि माझ्या दोन धाकट्या बहिणी. अशा घरात एकाची झोप मोडली की सगळ्यांची मोडते. थंडीच्या दिवसांत आई अंधारातच पोहे टाकायची. मोहरी तडतडली की मी डोळे उघडायचे, आणि पोह्यांवर शेव-जीरावन पडेपर्यंत पांघरुणातून हात बाहेर काढायचे नाही. जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, तो आई घरी कुटायची. आज माझ्या डायनिंग टेबलावर विकतची बाटली असते, सून म्हणते, "आई, वही तो है." वही नाही. पण सांगून काय उपयोग.

अण्णा मिलमध्ये फिटर होते. पंचवीस वर्षं त्यांनी लूम दुरुस्त केले. त्यांच्या खात्यात एक रीत होती, सुटीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपापली मशीन पुसून, कापडाने झाकून मगच घरी यायचं, म्हणजे तिच्यावर धूळ आणि कापसाची पिंज बसत नाही. अण्णा झाकायचे ते एखाद्या तापात निजलेल्या पोराला झाकावं तसं, कोपरे आत खोचून. मिल गेली, मशीन भंगारात गेल्या, आणि झाकायला काही उरलं नाही, तेव्हा मिळालेल्या पैशातून अण्णांनी महूच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली. डॉक्टर रात्री-बेरात्री खेड्यापाड्यांत व्हिजिटला जायचे, म्हणून त्यांनी हौसेने गाडीत दोन गोष्टी बसवून घेतल्या होत्या. एक रेडिओ, आणि दुसरा बॉनेटच्या आत एक छोटा दिवा. बॉनेट उघडलं की दिवा लागायचा, बंद केलं की एक बटण दाबलं जाऊन विझायचा. फ्रीजचं दार असतं ना, तसंच. फ्रीज आम्ही तेव्हा फक्त कुलफीवाल्याच्या दुकानात पाहिला होता, म्हणून आम्हा बहिणींना त्या दिव्याचं फार कौतुक.

त्या गाडीवर आमचं घर चालायला लागलं. महूच्या एका शाळेत शिकवणाऱ्या पाच बाई इंदुरात राहायच्या. अण्णा त्यांना पहाटे घेऊन जायचे आणि दुपारी दोनच्या सुमाराला परत आणून सोडायचे. त्यांच्यातल्या मोठ्या पाटणकर बाई. सडपातळ, कडक इस्त्रीची साडी, हातात घड्याळ आणि नजर सतत त्या घड्याळावर. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत पोचलंच पाहिजे, एवढी एकच त्यांची अट.

गाडीत सगळ्यात जास्त जीव कुणाचा होता, हे तेव्हा विचारलं असतं तर मी माझं नाव सांगितलं असतं. मी अठराची होते. बाकीच्या मुली शिवणाच्या क्लासला जायच्या, मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहायचे. अण्णा ओरडायचे नाहीत. उलट पाना कुठला ते मला सांगायला लागायचं नाही, याचं त्यांना बरं वाटायचं. शिकाऊ लायसन त्यांनीच काढून दिलं. "परीक्षा झाली की तू चालव," असं आईच्या देखत म्हणाले होते. हा शब्द मी मनात पक्का धरून ठेवला होता. मी शब्द धरून ठेवणारी बाई आहे. आज माझी गाड्यांच्या लाइटीच्या कामाची दुकानं आहेत, आणि शहरातले निम्मे बॅटरीवाले मला याच गोष्टीसाठी घाबरतात.

रविवारी गाडीला सुटी. दुपारी जेवणं झाली की मी गाडीत जाऊन बसायचे आणि तासभर रेडिओवर फर्माईशची गाणी ऐकायचे. काचा वर, ऊन आत, पाय सीटवर. भर गल्लीत असून मला एकटीला मिळालेली तेवढी एकच खोली होती ती.

आणि मग त्या थंडीत सोमवारी गाडी उठेनाशी झाली. 'उठेना' हा आईचा शब्द. ती पडवीतूनच विचारायची, "उठली का?" डिझेल गाडीचं थंडीत असं असतं की आधी किल्ली अर्धी फिरवून इंजिनाला हीट द्यायची, दहा मोजायचे, मग स्टार्टर मारायचा. हीट आणि स्टार्टर दोन्ही बॅटरीवर, आणि डिझेलचं इंजिन फिरवायला बॅटरीत दम लागतो. पेट्रोलची गाडी अर्ध्या बॅटरीवर निघून जाते, डिझेलची तोंड फिरवते. पहिल्या सोमवारी ती घर्र, घर्र करून गप्प झाली. गल्लीतल्या चौघांनी धक्का मारला तेव्हा निघाली. दुसऱ्या सोमवारी नुसतं टक् झालं. मधल्या दिवशी कधी कुरकुरायची, पण निघायची. सोमवारी मात्र मेलेली. धक्का मारणारे गल्लीतले भिया, म्हणजे भाऊलोक, पण वैतागले. समोरचा पप्पू म्हणाला, "अण्णाजी, हिला एकदा साबुदाण्याची खिचडी खाऊ घाला, सोमवारचा उपास दिसतोय हिचा!" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. पाटणकर बाई मागच्या सीटवर घड्याळ बघत होत्या.

अण्णांनी गाडी लतीफ मिस्त्रींना दाखवली. लतीफचाचा गाड्यांची लाइटीची कामं करायचे. इंदुरातला त्या वेळचा सगळ्यात शांत माणूस. त्यांच्याकडे यंत्रं नव्हती, दोन वायरी जोडलेला एक बल्ब होता. बॅटरीची एक केबल काढायची आणि ती केबल व बॅटरी यांच्या मध्ये हा बल्ब जोडायचा. गाडी बंद असताना कुठे चोरून करंट जात असेल तर तो बल्बातून जाणार, बल्ब लागणार. लागला नाही तर गळती नाही. मी आजही माझ्या दुकानातल्या पोरांना हेच आधी शिकवते, मग मीटर हातात देते. तर चाचांनी बल्ब जोडला, तो लागला. अण्णांचा चेहरा उजळला. चाचा म्हणाले, "रुकिए अण्णाजी, ये तो बॉनेट वाला है," आणि त्यांनी बोटाने त्या डॉक्टरांच्या दिव्याचं बटण दाबलं. दिवा विझला, त्याबरोबर त्यांचा बल्बही विझला. "देखा? लीकेज नहीं है. बॅटरी भी अभी एक ठंड निकाल देगी. शनिवार को छोड़ जाओ, सोमवार को देखते हैं." गाडी शनिवार-रविवार त्यांच्या दुकानात राहिली. सोमवारी पहाटे अण्णा घ्यायला गेले तर पहिल्या झटक्यात चालू. चाचांनी किल्ली देताना सहज म्हटलं, "गाड़ी में कुछ नहीं है अण्णाजी. घर पे कोई कुछ चालू छोड़ता होगा."

घरी म्हणजे कोण? रविवारी गाडीत बसणारी कोण?

पुढच्या सोमवारी गाडी परत मेली. पाटणकर बाई खाली उतरल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सज्जन माणूस आहात, मला वाईट वाटतं. पण अजून एक सोमवार असा झाला तर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णा वळले. मी पडवीच्या पायरीवर उभी होते, आणि अख्खी गल्ली शाली गुंडाळून उभी होती.

"रेडिओ चालू ठेवलास ना काल?"

"नाही अण्णा. मी बंद केला. किल्ली तुमच्या हातात दिली."

"खोटं नको बोलूस."

"मी खोटं बोलून नाही राहिले!"

"मग काय लतीफ खोटं बोलतो? गाडी त्याच्याकडे चालते अन् इथे नाही! घराच्या पोटावर पाय देऊन तुला गाणी ऐकायची आहेत. खोटारडी कुठली!" त्यांनी हात उगारला नाही, एवढंच. किल्ली स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "आजपासून गाडीला हात लावायचा नाही. लायसनचं पण विसर."

लोकांनी मला आयुष्यात खूप काही म्हटलं आहे. तिखट, भांडकुदळ, पाच रुपयांसाठी दोन तास उभी राहणारी. त्यातलं बरंचसं खरं आहे. पण खोटारडी मला फक्त एकाच माणसाने म्हटलं, आणि ते ऐकायला अख्खी गल्ली हजर होती.

तो सगळा आठवडा मी अण्णांशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि उठायचे. रेडिओ मी खरंच बंद केला होता, आणि आज दुकानात बसून हेही सांगते की तासभराच्या रेडिओने बॅटरीचं इतकं थोडं जातं की त्यात उंदराचं पोट भरायचं नाही. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं की मी बंद केला होता. मग उरलं काय? चाचांच्या दुकानात नसलेलं आणि आमच्या दारात असलेलं असं काय होतं? भांडी घासताना, केस विंचरताना, माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. पहिल्यांदा वाटलं उंदराने वायर कुरतडली असेल. पण उंदीर सोमवार बघून कुरतडत नाही.

उत्तर मला धुण्यात सापडलं. शनिवारी सकाळी, अण्णा बाईंना घेऊन गेले असताना, आईने पांघरुणं उन्हात टाकायला दिली. त्यात गाडीची गोधडी होती. ही गोधडी आईने तिच्या दोन जुन्या लुगड्यांची शिवली होती, आणि थंडी सुरू झाल्यापासून अण्णांनी ती गाडीला दिली होती. दुपारी गाडी आली की इंजिन गरम असतानाच बॉनेट उघडून ते गोधडी आत इंजिनावर पसरायचे, कोपरे खोचायचे, आणि बॉनेट अलगद खाली सोडायचे. ऊब धरून राहते, पहाटे इंजिनाला त्रास होत नाही, म्हणायचे. शनिवारी दुपारी घातलेली गोधडी सोमवारी पहाटेच निघायची. मी ती दोरीवर झटकली तेव्हा तिला डिझेलचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक, इस्त्री जास्त वेळ ठेवली की येतो तसा. मी घडी उलगडली. एका टोकाला रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी गोल डाग होता. करपलेला.

मी तो डाग नाकाशी धरला, मग नखाने खरवडून बघितला. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." पण दोन वाजता गाडी आली, अण्णांनी रोजच्यासारखी गोधडी पसरली, बॉनेट सोडलं आणि ते जेवायला आत गेले, तेव्हा मी हुकूम मोडला. गाडीला हात लावला. बॉनेट दाबून बघितलं तर ते बोटभर खाली गेलं आणि परत वर आलं. गोधडीच्या जाडीने ते पुरतं बसतच नव्हतं, नुसतं पहिल्या खिट्टीत अडकत होतं. मी फटीला डोळा लावला. आत, आईच्या लुगड्याच्या एका चुणीमागे, डॉक्टरांचा दिवा जळत होता.

शनिवारी दोनपासून सोमवारी पहाटेपर्यंत तो जळायचा. चाचांच्या दुकानात गोधडी नव्हती.

इथे माझ्या मुलांना ही गोष्ट संपायला हवी असते. ते म्हणतात, मग तू आत जाऊन आजोबांना सांगितलंस ना? नाही. मी आईला सांगितलं. आई आधी हसली, मग तिने तोंडावर पदर धरला. "अगं बाई! त्यांच्या हातूनच! हळूच सांग हं त्यांना. घरातल्या घरात सांग. आधीच मिलपासून त्यांचं मन..."

"मला खोटारडी म्हटलं ते घरातल्या घरात म्हटलं का?"

"बाप आहे तो तुझा."

"म्हणूनच. जिथे म्हटलं तिथेच फिटेल."

सौदा मला तेव्हाही येत होता. रविवारी सकाळी मी लतीफचाचांना बोलावून आणलं, पाटणकर बाईंच्या घरी जाऊन त्यांनाही आणलं. त्या आल्या, कारण त्यांना कोडी सोडवायला आवडायची. पप्पू आणि बाकीचे बोलावल्याशिवायच आले. पोहे-जलेबीची वेळ, सगळ्यांच्या हातात पुडे. अण्णा पडवीत दाढी करत होते. गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"चाचा," मी म्हटलं, "तुमचा बल्ब लावा. पण वायरी लांब घ्या, बल्ब बाहेर आला पाहिजे."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. चाचांनी बल्ब जोडला, वायरी पुढच्या जाळीतून ओढून बल्ब बंपरवर टांगला. "आता अण्णा, तुम्ही झाकता तशी गोधडी झाका."

अण्णांनी झाकली. साबण सुकत होता, पण हात तसेच, कोपरे खोचणारे. बॉनेट अलगद सोडलं. बंपरवर बल्ब मिणमिणत होता, मंद, पण उन्हात सगळ्यांना दिसेल इतका. मी बॉनेट उघडलं, गोधडी ओढून काढली आणि जोरात दाबून बंद केलं. खट्. बल्ब विझला.

मग पाटणकर बाई एखादं उत्तर बरोबर आलेल्या मुलीला म्हणावं तसं "अच्छा!" म्हणाल्या. मी गोधडीवरचा डाग वर धरला. सगळ्यांना दिसेल असा, डावीकडे, उजवीकडे. ते करायची गरज नव्हती. आज मला ते कळतं. तेव्हा मी जिंकत होते.

लतीफचाचांनी वायरी गुंडाळत म्हटलं, "अण्णाजी, दिल पे मत लेना. लोग तो लापरवाही में लाइट जलती छोड़ देते हैं. आपकी मोहब्बत में जलती रह गई."

सगळे हसले, आणि या वेळी त्या हसण्यात काटा नव्हता. अण्णांनी माझ्या हातातून गोधडी घेतली. चार घड्या घातल्या, डाग आत जाईल अशा. आणि गालावरचा वाळलेला साबण घेऊन आत गेले. मी दारात उभी राहिले. एक वाक्य यायचं होतं. दोनच शब्द, 'मी चुकलो'. गल्ली पांगली, जलेबी थंड झाली, ते वाक्य आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हाक मारून उठवलं आणि किल्ली पुढे केली. बाई मागे दाटीवाटीने बसल्या होत्या. ते स्वतः डाव्या सीटवर बसले. मी हीट दिली, दहा मोजले, स्टार्टर मारला. गाडी पहिल्या झटक्यात उठली. पडवीतून आईने नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. महूपर्यंत अण्णा फक्त "गिअर" आणि "हळू" एवढंच बोलले. लोक म्हणतात, किल्ली दिली म्हणजे माफीच की. मी नाही म्हणत. किल्ली मला आधीच कबूल केलेली होती. कबूल केलेली वस्तू परत दिली, तर त्यात वरून काय दिलं?

चाळीस वर्षं होत आली. त्या एका बल्बवर मी दोन दुकानं उभी केली, कुणाच्या बापाच्या आधाराशिवाय. आता नव्या गाड्यांत संगणक असतो, तरी जुनी डिझेल गाडी आणि वारंवार उतरणारी बॅटरी घेऊन लोक येतातच, देपालपूरहून, सिमरोलहून. पोरं मीटर काढतात. मी आधी मालकाला विचारते, "गाडीची सगळ्यात जास्त काळजी घरात कोण घेतं?" तो माणूस गोंधळतो. पण निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं. कुणी वडिलांसाठी जास्तीचा पंखा बसवलेला असतो, कुणी चोरीच्या भीतीने अलार्म.

अण्णा गोधडी घालत राहिले, फक्त आता ती बॉनेटच्या वरून. आणि एक गोष्ट मी या प्रकरणात लिहायची नाही असं ठरवलं होतं. तक्रारीचा जोर कमी होतो. पण लिहिते. त्या दिवसानंतर अण्णांनी बॉनेट स्वतः कधी बंद केलं नाही. दुपारी गाडी आली, तेल-पाणी बघून झालं, की ते बॉनेटला हात न लावता बाजूला उभे राहायचे आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हाक मारायचे, "नंदा, ये गं, दाबून दे." मी हातातलं काम टाकून जायचे. दाबायचे. खट् व्हायचं.

"ठीक?" ते विचारायचे.

"ठीक."

माझं लग्न होईपर्यंत सहा वर्षं, रोज. बाजारात मी कधी माझ्या आकड्याच्या खाली उतरले नाही, विचारा कुणालाही. मला दोन शब्द हवे होते, आणि रोज एकच मिळत होता. तरी मी रोज जात होते.